मागच्या भिंतीवरचा विनोद

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात एक गोष्ट मोठ्या आवडीने सांगितली जाते. आर. के. नारायण यांच्या कथा-कादंबऱ्यांतील 'मालगुडी' या गावाचे नाव मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन वस्त्यांच्या नावांतून तयार झाले, अशी ती गोष्ट आहे. पहिल्या नावाचा आरंभ घ्यावा, दुसऱ्याचा शेवट घ्यावा आणि मधला भाग सोडून द्यावा, झाले मालगुडी! ऐकणाऱ्याला ही उकल इतकी पटते, की तिची शहानिशा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही.

खुद्द नारायण यांनी मात्र निराळी हकीगत सांगितली आहे. 1930 च्या सप्टेंबर महिन्यात, आजीने पाहून दिलेल्या शुभदिवशी, बंगळूर येथे ते नवी वही उघडून बसले. काय लिहावे याचा विचार करीत असता एक लहानसे रेल्वे स्थानक त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले आणि त्यासोबत मालगुडी हे नावही आले. म्हणजे लेखकाने जो संकेत लपवलाच नव्हता, तो वाचकांनी शोधून काढला. यात नवल वाटण्याचे कारण नाही. जो मल्लेश्वरममध्ये राहतो, त्याला मालगुडीच्या पाटीत आपल्या गल्लीची अक्षरे आधी दिसणार. त्याच भागातील काडु मल्लेश्वर मंदिराजवळच्या शिलालेखाचेही असेच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या बहुतेकांना तो एक जुना दगड वाटतो. ज्याला तो वाचता येतो, त्याला मात्र छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1669 मध्ये या देवस्थानाला दिलेल्या दानाची माहिती मिळते. दृश्य सर्वांसमोर असते. त्यातील मजकूर ज्याला वाचता येईल त्याचा असतो.

दूरचित्रवाणी मालिकांच्या पार्श्वभूमीत लपवलेल्या विनोदांचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

नाटकात, चित्रपटात किंवा मालिकेत पात्रांच्या मागे जे जग उभे केलेले असते, त्याला आपण नेपथ्य म्हणतो. भिंती, दारे, रस्ता हे नेपथ्य. आणि त्यात ठेवलेल्या वस्तू, म्हणजे तसबिरी, दिनदर्शिका, औषधाच्या बाटल्या, दुकानाच्या पाट्या, टेबलावरचे वर्तमानपत्र, ही रंगसामग्री. मराठी नाटकमंडळींत तिला सर्रास 'प्रॉपर्टी' म्हणतात. या वस्तूंचे पहिले काम म्हणजे प्रेक्षकाचे लक्ष न वेधता त्याला विश्वासात घेणे. वैद्याच्या मागे बाटल्या आहेत, एवढे जाणवले की पुरे. बाटलीवरील चिठ्ठी कोणी वाचावी अशी अपेक्षा नसते. परंतु ती चिठ्ठी कोणी तरी लिहिलेलीच असते. लिहिणाऱ्याच्या मनात थोडा खट्याळपणा आला, की त्या चिठ्ठीवर औषधाऐवजी दुसरेच काही उमटते. लपवलेल्या विनोदाचा जन्म असा होतो.

'मालगुडी डेज' ही मालिका 1986-87 या काळात दूरदर्शनवरून प्रसारित झाली. दिग्दर्शक शंकर नाग हे '22 जून 1897' या 1979 च्या मराठी चित्रपटाचे सहपटकथाकार होते. शीर्षकांसाठी रेखाटने केली ती नारायण यांचे धाकटे बंधू, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी. चित्रीकरण झाले ते मात्र बंगळूरमध्ये नव्हे, तर तेथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर, शिवमोग्गा जिल्ह्यातील आगुंबे या पावसाळी गावात. कला-दिग्दर्शक जॉन देवराज यांच्यासमोरचा प्रश्न अवघड होता. जे गाव नकाशावर नाही, ते आगुंब्याच्या खऱ्या रस्त्यावर, खऱ्या घरांच्या मध्ये उभे करायचे होते.

त्यांनी उभारलेल्या वस्तूंपैकी सर फ्रेडरिक लॉली या कल्पित इंग्रज अधिकाऱ्याचा पुतळा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मालिका पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला तो केवळ एक पुतळा वाटतो. इंग्रजी अमदानीतील गाव म्हटले की चौकात साहेबाचा पुतळा असायचाच. पण ज्याने नारायण यांची 'लॉली रोड' ही कथा वाचली आहे, त्याला तो दिसताच हसू फुटते. त्या कथेत स्वातंत्र्यानंतर मालगुडीची नगरपालिका रस्त्यांची नावे बदलण्याचा सपाटा लावते आणि जुलमी म्हणून लॉलीचा पुतळा हटवण्याचा निर्णय घेते. पुतळा इतका अवजड, की तो हलवायला कोणी धजत नाही. अखेर एक वार्ताहर तो आपल्या घरी नेतो. पण तो घरात पुरता मावत नाही, अर्धा आत आणि अर्धा गल्लीत असा राहतो. मग कळते, की जुलमी लॉली दुसराच होता. हा तर गावाचा संस्थापक आणि गावासाठी झटलेला सज्जन गृहस्थ! शेवटी नगराध्यक्षांना ते घर स्वतःच्या पैशाने विकत घ्यावे लागते आणि कबीर गल्लीचे नाव 'लॉली रोड' होते. मालिकेतील पुतळा यातील एक शब्दही बोलत नाही. तो नुसता मागे उभा राहतो. विनोदाची किल्ली दुसऱ्याच ठिकाणी, पुस्तकात ठेवलेली आहे.

कोपऱ्यात पाहण्याची ही सवय मराठी वाचकाला नवी नाही. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांत पुढारी मध्यभागी बोलत असत आणि चौकड्यांचा कोट घातलेला सामान्य माणूस बाजूला मुकाट उभा असे. नजर शेवटी त्याच्याकडेच जाई. बेळगाव जिल्ह्यातील भोज येथे 1925 मध्ये जन्मलेल्या शि. द. फडणीस यांनी तर शब्दांवाचून हास्यचित्रे काढली. त्यांच्या एका गाजलेल्या मुखपृष्ठावर तरुणीच्या साडीवर मांजरांची नक्षी आहे आणि जवळ उभ्या असलेल्या तरुणाच्या सदऱ्यावर उंदरांची. दोघांच्या चेहऱ्यांवरून जे कळत नाही, ते कापडावरून कळते. वस्तू विनोद करते आणि माणसे गंभीर राहतात, हे या प्रकाराचे मर्म येथे एका दृष्टिक्षेपात दिसते.

चित्रपटात हा खेळ दूरचित्रवाणीच्याही आधीचा आहे. आल्फ्रेड हिचकॉक हे दिग्दर्शक आपल्या चित्रपटांत क्षणभर स्वतः दिसत. 1944 च्या 'लाइफबोट' या चित्रपटात पंचाईत झाली, कारण सगळी कथा समुद्रात भरकटलेल्या एका होडीत घडते. तेथे रस्त्याने जाणारा माणूस कोठून आणायचा? हिचकॉक यांनी होडीतील एका वर्तमानपत्रात वजन घटवण्याच्या औषधाची खोटी जाहिरात छापली आणि 'औषधापूर्वी' व 'औषधानंतर' या दोन चित्रांत स्वतःची छबी दिली. आपल्याकडे कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों' या 1983 च्या चित्रपटात दोन छायाचित्रकारांना मुंबईतील एका बागेत काढलेल्या छायाचित्रात खून टिपला गेल्याचे आढळते. त्या बागेचे नाव 'अँटोनिओनी पार्क'. इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनी यांच्या 1966 च्या 'ब्लो-अप' या चित्रपटातही छायाचित्रकाराला बागेतील छायाचित्रात खुनाचा माग लागतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या रसास्वादात काही उणे पडत नाही. ज्याला ठाऊक आहे, त्याला आणखी एक हसू मिळते. प्रस्तुत लेखकाला हा नमुना सर्वांत सरस वाटतो, कारण त्याने कथेला कोठे धक्का लागत नाही.

हे विनोद दीर्घकाळ लपून राहिले, याचे एक कारण तांत्रिक आहे. दूरदर्शनच्या जुन्या प्रक्षेपणात संपूर्ण चित्र 625 आडव्या रेषांचे असे. त्यांपैकी सुमारे 575 रेषाच प्रत्यक्ष चित्रासाठी उपयोगी पडत. समजा, पात्राच्या हातातील वर्तमानपत्राने पडद्याच्या उंचीचा एक तृतीयांश भाग व्यापला आहे. त्याच्या वाट्याला 190 च्या आसपास रेषा येतील. वर्तमानपत्राच्या एका स्तंभात मजकुराच्या दीडशे ओळी सहज असतात. म्हणजे मजकुराच्या एका ओळीला जेमतेम एखादी रेषा! एवढ्यात अक्षर उमटणे शक्यच नाही. देवनागरीत तर शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने अक्षराला अधिकच जागा लागते. मथळा वाचता येई, मजकूर करडा दिसे. म्हणून कला-विभागातील मंडळी त्या करड्या भागात निर्धास्तपणे काहीही लिहीत. तो विनोद प्रेक्षकांसाठी नव्हताच; दिवसभर त्याच सजावटीत वावरणाऱ्या सहकाऱ्यांसाठी होता.

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' (1987-94) या अमेरिकी मालिकेत हे फार घडले. अंतराळयानातील फलकांची रचना मायकेल ओकुडा यांच्याकडे होती. यानाचा आडवा छेद दाखवणाऱ्या मोठ्या आकृतीत यंत्रांच्या दाटीत एक बदक आणि एक उंदीर दडवलेले होते. 1988 मधील एका भागात संगणकाच्या पडद्यावर एका पात्राची वंशावळ दिसते. तिच्यातील नावे चक्क 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतील नायकाची भूमिका केलेल्या अभिनेत्यांची होती. पुढे घरोघरी चित्रफीत थांबवून पाहण्याची सोय झाली, आणि 2012 पासून मूळ फिल्मवरून ही मालिका अधिक स्पष्ट स्वरूपात पुन्हा तयार करण्यात आली. पूर्वी करड्या दिसणाऱ्या ओळी आता वाचता येऊ लागल्या. चार सहकाऱ्यांत केलेली थट्टा जगासमोर आली.

अशा थट्टेला एक मर्यादाही आहे. तेविसाव्या किंवा चोविसाव्या शतकातील वंशावळीत विसाव्या शतकातील नटांची नावे वाचली, की प्रेक्षक त्या शतकातून बाहेर पडतो. कारागिरांची करमणूक होते, पण त्यांनीच परिश्रमाने उभारलेल्या भ्रमाला भोक पडते. कधी कधी तर हे काम एखादी विसरलेली वस्तूच करते. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या मे 2019 मधील एका भागात मध्ययुगीन मेजवानीच्या टेबलावर आजच्या काळातील कॉफीचा कागदी पेला राहून गेला. तो ठेवण्यात कोणाचाही हेतू नव्हता. तरीही जगभर हशा झाला आणि निर्मात्यांना तो पेला संगणकाच्या साहाय्याने पुसावा लागला.

आतापर्यंतची सर्व उदाहरणे निरुपद्रवी आहेत. 2015 मधील एक घटना तशी नाही. 'होमलँड' या अमेरिकी मालिकेवर, ती अरब व मुस्लिम समाजाचे विपर्यस्त चित्रण करते, अशी टीका बरीच वर्षे होत होती. 2012 मध्ये तिने बैरूत शहरातील गजबजलेला हमरा रस्ता सशस्त्र टोळ्यांचा अड्डा म्हणून दाखवला, तेव्हा लेबनॉनमध्ये संताप उसळला होता. पाचव्या पर्वासाठी बर्लिनजवळ सीरियन निर्वासितांच्या छावणीची सजावट करण्यात आली. छावणी खरी वाटावी म्हणून भिंतींवर अरबी मजकूर हवा होता. त्यासाठी हेबा अमीन, कॅरम कॅप आणि 'स्टोन' या नावाने ओळखला जाणारा कलावंत अशा तिघांना बोलावण्यात आले. त्यांनी भिंती रंगवल्या. 11 ऑक्टोबर 2015 रोजी तो भाग प्रसारित झाला. नायिका ज्या भिंतीजवळून चालत जाते, तिच्यावर अरबी लिपीत लिहिले होते, की 'होमलँड' वंशद्वेषी आहे. दुसऱ्या एका भिंतीवर 'होमलँड'ला कलिंगड म्हटले होते. अरबी बोलीत ज्या गोष्टीला काही अर्थ नाही, तिला कलिंगड म्हणतात.

चित्रीकरण चालू असताना हा मजकूर कोणीही तपासला नव्हता. तेथील मंडळींना ती अक्षरे म्हणजे भिंतीवरची नक्षी होती, जशी वैद्याच्या बाटलीवरची चिठ्ठी. ज्या लोकांविषयी मालिका होती, त्या लोकांची लिपी वाचू शकेल असा एकही मनुष्य अखेरच्या तपासणीत नसावा, हीच त्या कलावंतांची तक्रार होती; आणि भिंतीवरील मजकुरापेक्षा तो वाचला न जाण्यानेच ती अधिक ठामपणे सिद्ध झाली. प्रसारणानंतर कोट्यवधी अरबी वाचकांना जे एका क्षणात कळले, ते निर्मात्यांना वर्तमानपत्रांतून कळले. मालिकेचे एक कर्ते अलेक्स गान्सा यांनी, हे प्रसारणापूर्वी लक्षात यायला हवे होते, असे म्हटले. मात्र या कलात्मक घातपाताला दाद दिल्यावाचून राहवत नाही, असेही त्यांनी सांगितले. या दिलदारीचे कौतुक करावे, पण तिच्यामुळे मूळ प्रश्न सुटत नाही. ती भिंत कोणाला दाखवायची याचा विचार झाला होता. ती कोण वाचेल याचा झाला नव्हता.

'मालगुडी डेज'च्या वाट्याला वेगळा अनुभव आला. तिची पार्श्वभूमी जेथे उभारली गेली, तेथील लोकांनीच ती वाचली आणि आपली मानली. आगुंब्यातील 'दोड्डमने' हे मोठे जुने घर चित्रीकरणासाठी वापरले गेले होते. मालिका संपून कित्येक वर्षे लोटली, तरी प्रवासी ते पाहायला येत राहिले. मालिकेत मालगुडीचे स्थानक म्हणून शिवमोग्गा-ताळगुप्प लोहमार्गावरील अरसाळू हे लहानसे स्थानक दाखवले होते. त्याची जुनी इमारत 2020 मध्ये दुरुस्त करून तेथे 'मालगुडी' संग्रहालय करण्यात आले आणि या कामातही जॉन देवराज यांचा हात होता. नारायण यांच्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी उभे राहिले होते ते रेल्वे स्थानकच. आता खऱ्या स्थानकावर अरसाळू ही पाटी आहे, आणि शेजारच्या इमारतीवर मालगुडी.