परसातील कार्यालय : आधी जोते, मग सजावट

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरात मराठी राज्य स्थापिले. त्या काळी तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे आहेत. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावी परतून परसात कामाची स्वतंत्र खोली बांधू इच्छिणाऱ्याने प्रथम जमीन आणि हवामान जाणून घ्यावे.

येथील चिकणमाती पावसात फुगते व उन्हात भेगाळते. उथळ पायावरील भिंतीस म्हणूनच तडे जातात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. जुन्या घरांपुढील ‘तिण्णै’, म्हणजे आपला ओटा, उंच असतो. खोलीचे जोतेही पूर्वीच्या पुराच्या पातळीहून वर असावे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी वेदारण्यमजवळ धडकलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्यात असंख्य माड उन्मळून पाडले. म्हणून खोली माडाच्या उंचीइतकी दूर असावी आणि छप्पर भिंतींशी पक्के जखडलेले असावे. खिडक्या उत्तरेस ठेवल्यास सौम्य उजेड मिळतो.

आर्थिक नियोजनही तितकेच महत्त्वाचे. जागा शेतीची की निवासी, हे तपासून बांधकामाची परवानगी आधी घ्यावी. बांधकामासाठीचे कर्ज सामान्यतः मंजूर नकाशा व अंदाजपत्रक पाहून, काम पुढे सरकेल तसे टप्प्याटप्प्याने दिले जाते. घराच्या विम्यात नव्या खोलीचा व संगणकाचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. सजावट पुढच्या वर्षी करता येते. खचलेला पाया मात्र सारी बचत गिळतो.