पुरुषांमधील वृषणवेदना : कारणे व कालमर्यादेचे भान

प्रस्तावना

शरीराच्या काही अवयवांविषयी बोलताना आपली भाषा संकोचते. वृषण हा त्यांपैकी एक होय. छातीत दुखले तर मनुष्य तत्काळ सांगतो. वृषणात दुखले तर ‘ओटीपोटात दुखते’, ‘जांघेत कळ येते’ असे सांगून वेळ निभावून नेतो. तरुण मुलगा तर बहुधा काहीच सांगत नाही. वृषणवेदनेच्या एका कारणात उपचारासाठी मिळणारा अवधी तासांत मोजावा लागतो, म्हणून या संकोचाची किंमत मोठी आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकीय व्यावसायिक नसून प्राणिशास्त्राचा अध्यापक आहे. तथापि वसतिगृहे, क्रीडास्पर्धा व शिबिरे यांत मुलांची जबाबदारी सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांपुढे हा विषय मांडणे त्यास अगत्याचे वाटते. त्यास एक प्रसंग कारण आहे.

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात एका स्वयंसेवकाने पहाटे पोटदुखी व उलटीची तक्रार केली. प्रस्तुत लेखकाने त्यास आम्लपित्ताची गोळी देऊन विश्रांती घेण्यास सांगितले. त्यास नीट चालता येत नाही, हे दुपारी त्याच्या मित्राने लक्षात आणून दिले. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत पंधरा तास उलटले होते. त्याचे एक वृषण काढून टाकावे लागले. नेमके कोठे दुखते, हा प्रश्न पहाटे त्यास कोणी विचारला नव्हता.

रचना व वेदनेचा मार्ग

गर्भावस्थेत वृषणे उदरपोकळीत, मूत्रपिंडांच्या सान्निध्यात तयार होतात आणि सामान्यतः जन्मापूर्वी जांघेतील मार्गाने वृषणकोशात उतरतात. शुक्राणूंच्या निर्मितीस शरीरापेक्षा २ ते ३ अंश सेल्सिअस कमी तापमान लागते, हे आपण वर्गात शिकवितोच. उतरताना वृषणे आपल्या रक्तवाहिन्या व चेतातंतू सोबत घेऊन येतात. त्यांचे मूळ मात्र वर, कमरेच्या पातळीवरच राहते. त्यामुळे मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्याची कळ कमरेतून वृषणापर्यंत उतरते. उलटपक्षी वृषणास इजा झाली असता पोटात दुखते, मळमळते, उलटी होते. शिबिरातील त्या मुलाची पोटदुखीची तक्रार या अर्थाने खोटी नव्हती.

वृषणास पडणारा पीळ

रोहिणी, नीला, चेतातंतू व शुक्रवाहिनी यांनी बनलेल्या शुक्ररज्जूला वृषण लोंबकळत असते. काही पुरुषांत ते भोवतालच्या आवरणास पुरेसे जखडलेले नसते व घंटेच्या लोलकाप्रमाणे मोकळे हलते. अशा स्थितीत ते स्वतःभोवती फिरले की रज्जूला पीळ पडतो. प्रथम नीला दबून सूज येते आणि पुढे रोहिणीतील रक्तप्रवाहही खंडित होतो. पंचवीस वर्षांखालील सुमारे ४००० पुरुषांत एकास हा विकार होतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. नवजात अवस्था व १२ ते १८ वर्षे हे त्याचे प्रमुख काळ होत.

वेदना अकस्मात, तीव्र व एका बाजूस असते. पुष्कळदा ती झोपेतून जागे करते. क्वचित खेळानंतर उद्भवते आणि मग ‘चेंडू लागला असेल’ म्हणून दुर्लक्षिली जाते. वृषण वर ओढलेले व आडवे भासते. मांडीच्या आतील त्वचेस हलका स्पर्श केला असता एरवी वर सरकणारे वृषण बहुधा हलत नाही. सहा तासांच्या आत पीळ सोडविल्यास दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक रुग्णांत वृषण वाचते. बारा तासांनी हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते आणि चोवीस तासांनंतर आशा फारच थोडी उरते. डॉपलर सोनोग्राफी निदानास साहाय्यक ठरते. परंतु शंका प्रबळ असल्यास तिच्यासाठी शस्त्रक्रिया लांबविली जात नाही. हा रचनादोष बहुधा दोन्ही बाजूंस असल्याने शल्यचिकित्सक दुसरे वृषणही टाके घालून स्थिर करतात. कधी कधी पीळ आपोआप सुटतो व मुलगा बरा दिसू लागतो. अशा मुलासही वैद्यकीय तपासणीची तितकीच गरज असते, कारण पीळ पुन्हा पडू शकतो.

संसर्गजन्य कारणे

प्रौढांमध्ये अधिक आढळणारे कारण म्हणजे वृषणाच्या मागील बाजूस असलेल्या अधिवृषणाचा दाह होय. ही वेदना एकदोन दिवसांत हळूहळू वाढते. सोबत ताप व लघवीस जळजळ असू शकते. साधारणतः पस्तिशीच्या आत क्लॅमिडिया व गोनोरिया हे लैंगिक संसर्ग, तर त्यापुढे ई. कोलाय यांसारखे मूत्रमार्गातील जिवाणू कारणीभूत असतात. प्रतिजैविकांनी हा दाह आटोक्यात येतो. लैंगिक संसर्ग असल्यास जोडीदाराचाही उपचार करावा लागतो. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या, फारशा न दुखणाऱ्या गाठीमागे आपल्याकडे क्षयरोगाचाही विचार करावा लागतो.

तारुण्यानंतर गालगुंड झालेल्या दर चार-पाच पुरुषांपैकी सुमारे एकास वृषणदाह होतो. भारतात २०१७ पासून राष्ट्रीय लसीकरणात आलेल्या एमआर लसीत गालगुंडाचा घटक नाही, ही बाब पालक असलेल्या सहकाऱ्यांनी ध्यानी घ्यावी. पूर्व विदर्भातील वाचकांस हत्तीरोग परिचित आहेच. क्युलेक्स डासांमार्फत पसरणारे हे कृमी लसीकावाहिन्यांत राहतात. शुक्ररज्जू व अधिवृषण यांचा तापासह वारंवार होणारा दाह आणि कालांतराने हायड्रोसील ही त्याची रूपे होत. ‘अंडवृद्धी’ म्हणून ती लपविण्याची रीत गडचिरोली-चंद्रपूरच्या खेड्यांत नवी नाही.

अन्य कारणे

डाव्या वृषणाची नीला थेट हृदयाकडे जाणाऱ्या महानीलेस न मिळता डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेस काटकोनात मिळते. त्यामुळे फुगलेल्या नीलांचा विकार, म्हणजे व्हेरिकोसील, बहुधा डावीकडे आढळतो. दिवसभर उभे राहिल्यावर वाढणारी व आडवे झाल्यावर शमणारी मंद ठणक हे त्याचे लक्षण होय. सलग तासिका घेणाऱ्या प्राध्यापकांनी ते स्वतःपुरतेही लक्षात ठेवावे. हर्नियाचा फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला व उलट्या सुरू झाल्या, तर तीही तातडीची अवस्था होय. वृषणाचा कर्करोग मात्र बहुधा दुखत नाही. तो प्रामुख्याने १५ ते ४० या वयांत होतो, वेळीच उपचार मिळाल्यास बहुतांशी बरा होतो, आणि दुखत नाही म्हणूनच दाखविला जात नाही. वृषणातील कठीण गाठ, वेदना असो वा नसो, वैद्यकीय तपासणीस पात्र आहे.

महाविद्यालयीन संदर्भ

शिबिर अथवा वसतिगृहात मुलाने ओटीपोटात दुखते असे सांगितल्यास त्यास बाजूस घेऊन ‘वृषणात दुखते का?’ असे सरळ विचारावे. होकार मिळाल्यास वेदना केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने त्यास काही खाण्यापिण्यास देऊ नये. जवळच्या दवाखान्यात फेरी न घालता शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि निघण्यापूर्वी तेथे दूरध्वनी करावा. प्रस्तुत लेखकाच्या शिबिरनोंदवहीच्या पहिल्या पानावर आता अशा रुग्णालयाचे नाव, तेथवरचे अंतर व रात्री उपलब्ध असणाऱ्या वाहनचालकाचा क्रमांक लिहिलेला असतो.