सरांचं स्टेटस आणि सरांची नोकरी

तुमच्या घरात कोणी शिक्षक आहे का? आई, काकू, दादा, वहिनी, कोणीही. असेल तर हा लेख नक्की वाचा. नसेल, पण मुलं शाळा-कॉलेजात जात असतील, तरीही वाचा. कारण हल्ली शिक्षकांची नोकरी जाते ती बऱ्याचदा वर्गातल्या शिकवण्यामुळे नाही, तर रात्री घरी बसून टाकलेल्या एखाद्या पोस्टमुळे किंवा लाईकमुळे. आणि त्या पोस्टचा स्क्रीनशॉट शाळेपर्यंत पोहोचवणारा हात पुष्कळदा आपल्यासारख्याच एखाद्या पालकाचा किंवा विद्यार्थ्याचा असतो.

सुरुवात काशीपासून करूया.

काशी: जिथे वाद घालणं हीच विद्या होती

वाराणसीला गेलात तर रामघाटावर जरूर जा. तिथे वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. आजही तिथे मुलं गुरूसमोर बसून वेद म्हणतात. जवळच्या पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. काशी आणि महाराष्ट्र यांचं नातंच जुनं. शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचे. संत एकनाथांनी आपलं भागवत पूर्ण केलं तेही काशीतच. परंपरा असं सांगते, की संस्कृतातला ग्रंथ मराठीत आणला म्हणून तिथल्या पंडितांनी नाथांना जाब विचारला. पण त्यांनी ग्रंथ वाचून पाहिला, नाथांचं म्हणणं ऐकलं आणि मग त्याच ग्रंथाचा सन्मान केला.

काशीच्या शास्त्रार्थाची एक साधी शिस्त होती. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं नीट समजून सांगायचं. मग उत्तरपक्ष, म्हणजे आपलं उत्तर. समोरच्याला बोलूच न देता जिंकता येत नसे.

याच शहरात १० फेब्रुवारी १९२१ रोजी काशी विद्यापीठ सुरू झालं. असहकार चळवळीत ज्यांनी सरकारी शाळा-कॉलेजं सोडली, त्या तरुणांसाठी. बाबू शिवप्रसाद गुप्त आणि डॉ. भगवानदास यांचा पुढाकार होता आणि पायाभरणीला स्वतः गांधीजी आले होते. लालबहादूर शास्त्रींच्या नावातलं ‘शास्त्री’ हे आडनाव नाही, ती याच विद्यापीठाची पदवी आहे. थोडक्यात, सत्तेला न पटणारं मत बाळगणाऱ्यांसाठी उभी राहिलेली ही संस्था. आज तिचं नाव महात्मा गांधी काशी विद्यापीठ.

सप्टेंबर २०२२ मध्ये, नवरात्र सुरू असताना, याच विद्यापीठातल्या राज्यशास्त्राच्या एका अतिथी व्याख्यात्याने सोशल मीडियावर पोस्ट टाकली. नऊ दिवस उपवास करण्यापेक्षा महिलांनी ते नऊ दिवस संविधान आणि हिंदू कोड बिल वाचावं, असा तिचा आशय होता. काही विद्यार्थ्यांनी तक्रार केली. २९ सप्टेंबरला त्यांना कामावरून काढल्याचा आदेश निघाला आणि सुरक्षेचं कारण देऊन विद्यापीठाच्या आवारात यायलाही मनाई झाली.

तुम्हाला ते मत पटो किंवा न पटो. तुम्ही नऊ दिवस मनापासून उपवास करत असाल आणि ते वाचून तुम्हाला वाईटही वाटेल. पण प्रश्न वेगळा आहे. वाईट वाटलं याचं उत्तर काय असावं? त्यांना उलट प्रश्न विचारणं, आपलं मत मांडणं, की त्यांचा रोजगार बंद करणं?

आधी काढा, मग बघू?

काशीतलंच आणखी एक उदाहरण बघा. मॅगसेसे पुरस्कार मिळालेले सामाजिक कार्यकर्ते संदीप पांडे आयआयटी (बीएचयू) मध्ये अतिथी प्राध्यापक होते. जानेवारी २०१६ मध्ये ‘देशविरोधी’ असल्याचा ठपका ठेवून त्यांचा करार मध्येच संपवण्यात आला. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. नैसर्गिक न्याय पाळला गेला नव्हता. नैसर्गिक न्याय हा शब्द जड वाटतो, पण अर्थ घरगुती आहे. शिक्षा देण्याआधी त्या माणसाचं म्हणणं ऐका. आपण घरात दोन भावंडांचं भांडण सोडवतानाही एवढं करतोच ना?

काशीतल्या या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे, ती तुमच्या लक्षात आली असेल. दोघेही कायम नोकरीत नव्हते. आपल्याकडे जसे ‘तासिका तत्त्वावर’ शिकवणारे प्राध्यापक असतात, तसेच. जितके तास, तितके पैसे. पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. अशा माणसाला काढायला मोठी चौकशी लागत नाही, करार संपला म्हटलं की झालं. म्हणून पोस्टचा फटका सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात त्यांनाच बसतो.

आपल्या महाराष्ट्रात काय घडलं?

मुंबईत विद्याविहारच्या सोमय्या शाळेच्या मुख्याध्यापिका परवीन शेख. बारा वर्षं त्या शाळेत होत्या, त्यातली सात वर्षं मुख्याध्यापिका. एप्रिल २०२४ मध्ये एका संकेतस्थळाने बातमी दिली, की त्यांनी इस्रायल-हमास संघर्ष आणि राजकारणावरच्या काही पोस्टना लाईक केलं आहे. व्यवस्थापनाने त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. ७ मे २०२४ रोजी त्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांची सोशल मीडियावरची वागणूक शाळेच्या मूल्यांशी जुळत नाही, असं व्यवस्थापनाचं म्हणणं. आपल्याला काढल्याचं पत्राआधी सोशल मीडियावरून कळलं, असं परवीन शेख यांचं म्हणणं. मुलं त्याच शाळेत शिकत असलेले काही पालक त्यांच्या बाजूने उभे राहिले, हेही इथे सांगायला हवं.

दुसरी घटना कोल्हापूर जिल्ह्यातली. जावेद अहमद हजाम हे प्राध्यापक शिक्षक आणि पालकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी स्टेटस ठेवलं. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, कलम ३७० हटवल्याने आम्ही खूश नाही, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. त्यांच्यावर दोन गटांत शत्रुत्व पसरवल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ७ मार्च २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी गुन्हा रद्द केला. कलम ३७० बद्दलच्या सरकारी निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे आणि दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं हा गुन्हा नाही, असं न्यायालयाने सांगितलं. अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलिसांनाही शिकवण्याची वेळ आली आहे, असंही म्हटलं. निकाल लागला खरा, पण एका स्टेटसपायी दीड वर्ष कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

हे फक्त एकाच पक्षाचं नाही

वाचताना तुमच्या मनात आलं असेल, की हे सगळं एकाच बाजूचं आहे. तसं नाही. पश्चिम बंगालमध्ये जादवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना एप्रिल २०१२ मध्ये अटक झाली होती. कशासाठी? ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र ई-मेलने पुढे पाठवल्याबद्दल. त्या प्रकरणातून ते पूर्ण सुटले जानेवारी २०२३ मध्ये. एका फॉरवर्डची किंमत जवळजवळ अकरा वर्षं!

आणि तुमचे नातेवाईक अमेरिकेत असतील तर त्यांना विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये चार्ली कर्क या राजकीय कार्यकर्त्याची गोळी घालून हत्या झाली. त्यानंतर त्याच्याविषयी पोस्ट टाकलेल्या शिक्षकांना अनेक राज्यांत निलंबित केलं गेलं किंवा काढून टाकलं गेलं. ज्या देशाने शिक्षकांच्या बोलण्याचा प्रश्न १९६८ मध्येच सोडवल्यासारखा वाटत होता, तिथे हे झालं. तेव्हा मार्विन पिकरिंग नावाच्या शिक्षकाने शाळेच्या मंडळाच्या खर्चावर टीका करणारं पत्र वर्तमानपत्रात लिहिलं होतं, म्हणून त्याची नोकरी गेली होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक प्रश्नावर शिक्षकही नागरिक म्हणून बोलू शकतो, हे त्या निकालाचं सार.

म्हणजे आज ज्या शिक्षकाची नोकरी गेल्यावर आपण खूश होतो, तो नियम उद्या आपल्या मताच्या शिक्षकालाही लागतो. सरकार बदलतं, स्क्रीनशॉट तसाच राहतो.

नियम काय सांगतात? सोप्या शब्दांत

*सरकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक:* यांना वर्तणुकीचे नियम लागू असतात. पक्षाचा प्रचार आणि सरकारच्या धोरणांवर जाहीर टीका करण्यावर बंधनं आहेत. महाराष्ट्र सरकारने २८ जुलै २०२५ रोजी सोशल मीडियाबद्दल वेगळा शासन निर्णयही काढला. त्यात राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणांवर सोशल मीडियावरून प्रतिकूल टीका करू नये, वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवावं, असं सांगितलं आहे. तो कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू आहे. पण नियम आहेत म्हणजे हक्क संपले असं नाही. त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं, की सरकारी नोकराचं अभिव्यक्ती स्वातंत्र्य नोकरीत आल्यामुळे नाहीसं होत नाही, फक्त नियमांच्या मर्यादेत वापरायचं असतं.

*मान्यताप्राप्त खासगी शाळा:* इथे १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायदा आहे. शाळा अनुदानित असो किंवा विनाअनुदानित. कायम शिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून काढायचं असेल तर रीतसर चौकशी करावी लागते. काढून टाकल्याचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. हे ३० दिवस घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. धक्क्यात, लाजेत, ‘लोक काय म्हणतील’ या विचारात ते निघून जातात.

*तासिका, करार, क्लासेस:* इथे संरक्षण सगळ्यात कमी. हातात जे कागद आहेत, तेच आधार. म्हणून नेमणुकीचं पत्र, कराराची प्रत जपून ठेवा.

घरात शिक्षक असेल तर

१. दबावाखाली लगेच राजीनामा लिहून देऊ नका. ‘शांतपणे निघून जा, बरं दिसेल’ असं सांगितलं जातं. पण स्वतःहून राजीनामा दिला की पुढे दाद मागणं अवघड होतं. एक रात्र थांबा, वकिलाशी बोला.

२. जे काही सांगितलं जातंय ते लेखी मागा. नोटीस, आरोप, तारीख.

३. घाबरून पोस्ट डिलीट करण्याआधी तिची पूर्ण प्रत ठेवा. अर्धवट कापलेल्या स्क्रीनशॉटला उत्तर देताना तीच उपयोगी पडते.

४. विद्यार्थी आणि पालकांच्या ग्रुपवर फक्त शाळेचं बोला. आपली मतं आपल्या जागी मांडा.

५. आणि घरच्यांनो, ‘तुला काय गरज होती लिहायची?’ हे वाक्य निदान पहिल्या आठवड्यात तरी टाळा. बाहेर सगळे तेच म्हणत असतात.

आणि आपण पालक असू तर

शिक्षकाने काहीही लिहावं आणि आपण गप्प बसावं, असं अजिबात नाही. एखाद्या पोस्टमध्ये कुठल्या जातीच्या, धर्माच्या माणसांना मारायची भाषा असेल, मुलांची टिंगल असेल, किंवा वर्गात तुमच्या मुलाला त्याच्या घरच्या मतांवरून वेगळं वागवलं जात असेल, तर तक्रार करायलाच हवी. मूल आपलं आहे, काळजी वाटणारच.

पण स्क्रीनशॉट पुढे ढकलण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे मत आहे की चिथावणी? याचा वर्गातल्या वागण्याशी काही संबंध दिसलाय का? आणि मी त्या बाईंशी किंवा सरांशी एकदा तरी बोललो आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर आधी शाळेत जा, भेट मागा, विचारा. बऱ्याच गोष्टी चहाच्या कपावर मिटतात. ग्रुपवर टाकल्या की त्या आपल्या हातात राहत नाहीत.

शेवटी याची किंमत मुलं मोजतात. वर्षाच्या मध्येच वर्गशिक्षिका बदलतात. मूल विचारतं, ‘आमच्या बाई का नाही येत?’ आणि आपल्याकडे धड उत्तर नसतं. जे शिक्षक उरतात ते जपून बोलू लागतात. नागरिकशास्त्राच्या तासाला एखाद्या मुलीने निवडणुकीबद्दल, आरक्षणाबद्दल, बातम्यांमधल्या युद्धाबद्दल काही विचारलं, तर ‘ते सिलॅबसमध्ये नाही’ एवढंच उत्तर मिळतं. मग ती मुलगी तोच प्रश्न मोबाईलला विचारते, आणि तिथे समोर कोण बसलंय हे आपल्याला माहीत नसतं.

आज रात्री जेवताना मुलांना एवढंच विचारून बघा: ‘तुझ्या सरांचं एखादं मत तुला पटलं नाही, तर तू काय करशील?’ ‘मी त्यांना विचारीन’ असं उत्तर आलं, तर समजा शाळेचंही बरं चाललंय आणि घराचंही.