मावशी कॅमेऱ्यात दिसतात का?

2019 च्या जुलैतली गोष्ट. रिटर्न भरण्याची धामधूम चालू होती, बाहेर पावसाची झड लागली होती. सकाळी साडेनऊला नारायण पेठेतलं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस उघडलं, तर सहायकाच्या टेबलावरचा लॅपटॉप गायब. कुलूप शाबूत होतं. आदल्या संध्याकाळी सगळ्यांत शेवटी बाहेर पडल्या होत्या त्या मावशी. गेली अकरा वर्षं त्याच केरफरशी करून कुलूप लावतात आणि किल्ली घरी नेतात.

ऑफिसात दोन कॅमेरे होते, त्यामुळे मी निर्धास्त होते. दहा मिनिटांत कळेल, असं मला वाटलं होतं. एका कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तीन आठवड्यांपासून बंद पडलं होतं. दुसरा बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात, अकरा फुटांवर छताला लावलेला. त्यात पाऊण तासाच्या अवधीत दोन आकृत्या दारातून बाहेर जाताना दिसत होत्या. जिन्यातला दिवा पाठीमागे असल्यामुळे दोन्ही काळ्याठिक्कर, दोघांच्या हातात छत्री. पडद्यावरची वेळ होती रात्रीची दहा बावन्न. मावशी पावणेनऊला घरी निघाल्या होत्या. घड्याळ किती चुकलं होतं आणि कधीपासून, हे सांगायला कोणी नव्हतं.

मावशी आतल्या खोलीत फरशी पुसत असताना, बाहेरचं दार उघडं असताना कोणीतरी येऊन गेलं, हे आज आम्हाला कळतं. पण तेव्हा चौकीवर दोन तास बसावं लागलं ते मावशींना. तिथून त्यांनी मला विचारलं, “ताई, कॅमेऱ्यात मी जाताना दिसते ना? मग सांगा ना यांना.” मला सांगता आलं नाही. त्यांना सोडवलं ते समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातल्या एकुलत्या एक कॅमेऱ्यानं. तो दुकानाच्या दारावर जेमतेम सात फुटांवर होता, आणि आठ एकावन्नला मावशी छत्री नि डब्याची छोटी पिशवी घेऊन रस्त्यानं जाताना त्यात स्वच्छ दिसल्या. लॅपटॉप काही सापडला नाही.

कॅमेरा चोर पकडण्यासाठी घ्यायचा, असं आपण म्हणतो. त्याहून मोठं काम म्हणजे ज्यानं चोरी केली नाही त्याच्या बाजूनं साक्ष देणं. माझा कॅमेरा त्या साक्षीला उभा राहू शकला नाही, ही बोच मला आजही आहे.

नवी यंत्रणा घ्यायची ठरवली तेव्हा तिघांकडून कोटेशन मागवली. तिघांचाही पहिला प्रश्न एकच: “मॅडम, किती कॅमेरे?” पण संख्या ठरवण्याआधी मी एका कागदावर लिहून काढलं की उद्या काही घडलं तर मी फुटेजला काय विचारणार आहे. दारातून आलेला माणूस अनोळखी असला तरी चेहऱ्यावरून पटेल का? काउंटरवर कोणता लिफाफा कोणी दिला, कोणी घेतला? सुट्टीच्या दिवशी कपाटाच्या खोलीत कोणी होतं का? जिन्यातून कोण, किती वाजता वर आलं? हे चार वेगवेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला वेगळा कॅमेरा लागतो. एक कॅमेरा कोपऱ्यात लावून “सगळी खोली कव्हर होते” असं जेव्हा बसवणारा सांगतो, तेव्हा खोली दिसते आणि माणूस हरवतो.

यामागचं गणित सोपं आहे. चित्र ठिपक्यांचं बनलेलं असतं. कॅमेरा जितका रुंद भाग टिपतो, तितके ते ठिपके विरळ पसरतात. आयईसी 62676-4 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2014 च्या आवृत्तीनुसार नुसतं कोणीतरी आहे एवढं कळायला समोरच्या दृश्याच्या दर मीटरला 25 ठिपके लागतात, ओळखीचा माणूस ओळखू यायला 125, आणि अनोळखी माणसाची खात्रीनं ओळख पटवायला 250. माणसाचा चेहरा साधारण 16 सेंटिमीटर रुंद, म्हणजे ओळख पटायला चेहऱ्यावर 40 ठिपके तरी हवेत. आमचा जुना कॅमेरा 1 मेगापिक्सेलचा, रुंदीला 1280 ठिपक्यांचा. त्याला 2.8 मिलिमीटरची लेन्स होती. ही लेन्स शंभरेक अंशांचा भाग टिपते. दार साडेपाच मीटरवर होतं, तिथपर्यंत ते दृश्य तेरा मीटर रुंद झालेलं. म्हणजे मीटरला 98 ठिपके, चेहऱ्याला जेमतेम 16. माझ्या घरातल्या माणसाचा चेहराही मला त्यात पटला नसता.

आता दारासाठी 4 मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, लेन्स 6 मिलिमीटरची. ती पन्नासेक अंशच बघते, बाकीची खोली तिला दिसतही नाही. साडेतीन मीटरवरच्या दारात माणूस उभा राहिला की चेहऱ्यावर शंभराहून जास्त ठिपके पडतात. दुकानात आपण मेगापिक्सेल विचारतो, लेन्सचा आकडा क्वचितच विचारतो. मी तर म्हणेन, लेन्स आधी विचारा. आणि उंची सात-साडेसात फुटांच्या वर जाऊ देऊ नका. छताला लावलेल्या कॅमेऱ्याला टोप्या, टकलं आणि छत्र्या दिसतात.

उजेडाचं दुखणं वेगळं. दारामागे खिडकी किंवा दिवा असला की आत येणारा माणूस सावलीसारखा काळा दिसतो. त्यावर डब्ल्यूडीआर नावाची सोय असते. उजळ आणि अंधाऱ्या भागांचं चित्र वेगवेगळं घेऊन ती एकत्र करते. काही कॅमेऱ्यांत या सोयीचं नुसतं नाव असतं, काम नसतं. म्हणून मी विकणाऱ्याला सांगितलं की संध्याकाळी जिन्यातला दिवा लावून दाखवा, मगच पैसे. रात्री कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाशावर चालतात आणि चित्र कृष्णधवल होतं. हा प्रकाश काचेवरून उलटा फिरतो, त्यामुळे खिडकीच्या आतून बाहेर रोखलेला कॅमेरा रात्री पांढऱ्या धुक्याखेरीज काही दाखवत नाही. या दिव्यांपाशी किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. लेन्सपुढचं एक जाळं रात्रभर लखलखतं आणि हालचालीवर चालणारं रेकॉर्डिंग विनाकारण सुरू ठेवतं. मावशींच्या झाडणीला हल्ली आठवड्यातून एकदा जिन्यातला कॅमेराही असतो.

रेकॉर्डर डीव्हीआर घ्यावा की एनव्हीआर, हा वाद पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कुठल्याही दुकानात तासभर ऐकायला मिळेल. थोडक्यात सांगायचं तर डीव्हीआरला जाड कोअॅक्सियल वायर लागते आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक कॅमेऱ्याला वीज वेगळी न्यावी लागते. एनव्हीआरचे कॅमेरे इंटरनेटच्या वायरवर चालतात आणि पीओई स्विच असला तर त्याच एका वायरीतून शंभर मीटरपर्यंत वीजही जाते. भिंतीत आधीच चांगली कोअॅक्सियल वायर असेल तर ती उखडू नका, डीव्हीआरही उत्तम काम देतो. मी एनव्हीआर घेतला तो एवढ्याचसाठी की स्विच आणि रेकॉर्डर एका छोट्या यूपीएसवर टाकले की वीज गेली तरी चारही कॅमेरे जागे राहतात. वाय-फायचे कॅमेरे मी घेतले नाहीत. आमच्या जुन्या वाड्याच्या दोन फुटी भिंती सिग्नल गिळतात, आणि “वायरलेस” म्हटलं तरी विजेची वायर लागतेच. रेकॉर्डर मात्र टेबलाखाली ठेवू नका. चोर आला तर पहिल्यांदा तोच नेईल. आमचा आता कुलपाच्या कपाटात आहे, हवा खेळायला मागे भोकं पाडून.

किती दिवसांचं फुटेज राहावं, हे मला एका वयस्कर अशिलानं शिकवलं. आपलं मूळ खरेदीखत आमच्याकडे राहिलं की ते परत घेऊन गेले, हे त्यांना आठवेना. ते विचारायला आले तेविसाव्या दिवशी. जुन्या 500 जीबीच्या डिस्कवर नऊ दिवसांचं फुटेज राहायचं, त्यानंतर नवं जुन्यावर चढत जायचं. खरेदीखत त्यांच्याच देवघरात सापडलं, पण मधले चार दिवस त्यांनाही झोप नव्हती आणि मलाही. हिशेब असा करा: एक कॅमेरा सेकंदाला 3 मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला साधारण 32 जीबी होतात. असे चार कॅमेरे म्हणजे 130 जीबी. 4 टीबीत जेमतेम महिना निघतो. आम्ही 6 टीबी घेतली, दीड महिना पुरते. एच 265 या पद्धतीनं रेकॉर्डिंग होत असेल तर जुन्या एच 264 पेक्षा जागा साधारण निम्मी लागते, तेव्हा कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हींत ती आहे ना, हे बघावं. आणि डिस्क कॉम्प्युटरची साधी नको, रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनवलेली सीसीटीव्हीची घ्यावी. आमची जुनी डिस्क साधी होती. ती बसवणाऱ्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पासवर्डबद्दल मी फार कडक झाले आहे. 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले साठएक ठरावीक पासवर्ड वापरून बघत. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला त्या फौजेनं वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अनेकांना मिळेनाशा झाल्या. आपल्या टेबलासमोरचा कॅमेरा दुसऱ्या कोणासाठी राबत असेल, ही कल्पना मला सहन होत नाही. म्हणून बसवणारा जायच्या आत पासवर्ड बदलून तो स्वतःकडे ठेवा. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत, एप्रिल 2025 पासून. बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि त्याच मॉडेलचं प्रमाणपत्र मागा.

कोणता कॅमेरा कुठे लावायचा नाही, हेही मी तितकंच विचारपूर्वक ठरवलं. आमच्या टेबलांवर लोकांचे पॅन, बँकेची पासबुकं, सातबारे पसरलेले असतात. तिथला कागद वाचता येईल असा कॅमेरा मला नको. काउंटरचा कॅमेरा लिफाफा आणि हात दाखवतो, अक्षरं नाही. आतल्या खोलीच्या ज्या कोपऱ्यात मुली डबा खातात तो चौकटीबाहेर आहे, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना पडद्यासमोर बसवून कोणाला काय दिसतं ते मी दाखवलं. दारावर मराठीत पाटी आहे. स्वच्छतागृहाचं दार ज्या बाजूला, तिकडे एकही लेन्स वळलेली नाही.

फुटेज कोर्टात न्यायची वेळ आली तर नुसता पेनड्राइव्ह पुरत नाही. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिडिओ चित्रणावर आला होता. त्याच अर्जुन खोतकर खटल्यात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. उपकरण कोणाच्या ताब्यात होतं आणि ते नीट चालत होतं का, हे त्यात लिहून द्यावं लागतं. ज्या रेकॉर्डरचं घड्याळ दोन तासांनी चुकलं आहे, त्याच्याबद्दल मी ते कुठल्या तोंडानं लिहिलं असतं?

रेकॉर्डर आता इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवतो. तरीही दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, ऑफिस बंद करायच्या आधी आम्ही तपासणी करतो. मावशींनीच ती लावून धरली आहे. त्या छत्री घेऊन जिन्यातून वर येतात, दारात थांबतात, पुन्हा बाहेर जातात. मग आत येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहतात. मी मोबाइलवरची वेळ आणि पडद्यावरची वेळ वहीत शेजारी शेजारी लिहिते, महिन्याभरापूर्वीचं फुटेज उघडतंय ना ते बघते, आणि नुकतंच झालेलं रेकॉर्डिंग थांबवून मोठं करते. मावशी चष्मा लावून वाकून स्वतःचा चेहरा बघतात. “दिसते,” म्हणतात, आणि किल्ली घेऊन कुलूप लावायला जातात.