देव फुकट, बाग पाचशे येन

जपानची सहल ठरवायला बसलं की कागदावर आधी आकडे मांडले जातात. विमान, हॉटेल, बुलेट ट्रेन आणि शेवटी क्योतोतल्या मंदिरांची तिकिटं. प्रवासखर्चाची धास्ती खरी आहे. परदेशी पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा जेआर रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. मंदिरांची धास्ती मात्र बरीचशी अनाठायी आहे. एक येन साधारण ५५ ते ६० पैशांचा धरला, तर क्योतोतल्या बहुतेक नामवंत मंदिरांचं तिकीट तीन-साडेतीनशे रुपयांत बसतं. शिवाय देशातली कित्येक सर्वांत पूज्य ठिकाणं पूर्णपणे मोफत आहेत. पैसे कुठे पडतात आणि कुठे नाहीत, यामागे एक कारणपरंपरा आहे. ती समजली की खर्चाचं नियोजन सोपं होतं.

आधी कमान बघा

प्रवेशाला तोरी म्हणजे दोन खांबांची, वर आडव्या तुळया टाकलेली कमान असेल, तर ते शिंतो देवस्थान. तिथे सहसा तिकीट नसतं. क्योतोचं फुशिमी इनारी हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. क्योतो स्टेशनवरून जेआरच्या नारा मार्गावर दुसरं स्टेशन, भाडं १५० येन. देवस्थान चोवीस तास उघडं. २३३ मीटर उंचीच्या इनारी डोंगरावर भगव्या-लाल कमानींच्या रांगाच्या रांगा चढत जातात. वर जाताना त्या कोऱ्या दिसतात. मागे वळून बघावं, तर प्रत्येक कमानीच्या खांबांवर काळ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव आणि अर्पण केल्याची तारीख. कुणी कारखानदार, कुणी दुकानदार. लहान कमानीलाही काही लाख येन मोजावे लागतात आणि लाकूड कुजलं की तिची जागा नव्या देणगीदाराची कमान घेते. आपण फुकट चालतो त्या वाटेचे पैसे असे आधीच कुणीतरी भरलेले असतात.

तोक्योचं मेइजी जिंगू हे १९२० सालचं देवस्थान. देशभरातून आलेल्या सुमारे एक लाख झाडांचं जंगल माणसांनी लावलेलं आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. देवदर्शन मोफत, आतली जुनी बाग बघायची तर ५०० येन. दर वीस वर्षांनी नव्याने बांधलं जाणारं इसेचं महादेवस्थानही मोफत. तिथली मागची पुनर्बांधणी २०१३ मध्ये झाली, पुढची २०३३ मध्ये. अपवाद आहेतच: निक्कोच्या तोशोगूला १,६०० येन, मियाजिमा बेटावरच्या इत्सुकुशिमाला ३०० येन.

तिकीट का लावतात?

बौद्ध मंदिरांचं गणित वेगळं आहे. तिथेही बहुधा आवार मोकळं असतं, तिकीट लागतं ते बागेला, मूर्तींच्या दालनाला किंवा रंगवलेल्या सरकत्या दारांच्या खोल्यांना. पण काही प्रचंड मंदिरं एक येनही घेत नाहीत आणि काही दोन हजार घेतात, असं का?

उत्तर मंदिराच्या पाठीशी कोण आहे यात सापडतं. जपानमधल्या सर्वसाधारण बौद्ध मंदिराला पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली घराणी असतात. त्यांचे अंत्यविधी आणि श्राद्धविधी तिथेच होतात आणि त्या दक्षिणेवर मंदिर चालतं. नारातली होर्युजी किंवा तोदाईजीसारखी प्राचीन मंदिरं या व्यवस्थेच्या आधीची. त्यांच्याकडे अशी घराणी नाहीत. १८७१ मध्ये मेइजी सरकारने आवाराबाहेरच्या देवजमिनी ताब्यात घेतल्या आणि हक्काचं उत्पन्न गेलं. युद्धानंतरच्या राज्यघटनेने धार्मिक संस्थांना सरकारी पैसा देण्यावर बंदी आणली. सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीला अनुदान मिळतं, पण रोजचा संसार ज्याचा त्याने चालवायचा. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती सांभाळणाऱ्या होर्युजीने २०२५ मध्ये तिकीट १,५०० वरून २,००० येन केलं, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लागतो.

याच तिकिटावरून क्योतोत एकदा मोठा संघर्ष झाला. जुलै १९८५ मध्ये महापालिकेने मंदिर बघायला येणाऱ्या प्रत्येक प्रौढामागे ५० येनांचा कर लावला. मंदिरांचं म्हणणं, लोक येतात ते दर्शनाला, दर्शनावर कर कसला? कियोमिझू, किंकाकुजीसारख्या मंदिरांनी पर्यटकांसाठी दारंच बंद केली. हॉटेलं आणि दुकानं ओस पडू लागली. अखेर मार्च १९८८ मध्ये कर रद्द झाला.

तिकिटावर चालणाऱ्या या मंदिरांच्या उलट, क्योतो स्टेशनपासून चालत जाता येणारी निशी होंगानजी आणि हिगाशी होंगानजी ही दोन्ही मंदिरं मोफत आहेत, कारण त्यांच्यामागे अनुयायांचा फार मोठा संप्रदाय उभा आहे. हिगाशी होंगानजीचं १८९५ मध्ये पूर्ण झालेलं संस्थापक दालन जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी वास्तूंमध्ये मोजलं जातं. दोन दालनांना जोडणाऱ्या मार्गिकेत काचेमागे जाड, काळपट दोरखंडाचं वेटोळं ठेवलेलं आहे. तुळया ओढताना साधे दोर तुटू लागले, तेव्हा देशभरच्या भाविक बायकांनी आपले केस कापून दिले आणि ते तागासोबत पिळून हे दोर वळले गेले. हे बघायला तिकीट नाही.

पैसे खर्च करायचेच तर

थोडी तिकिटं काढावीत, पण नेमकी. भारतीय माणसाने नाराच्या तोदाईजीचे ८०० येन वाचवू नयेत. इथल्या सुमारे पंधरा मीटर उंच कांस्यबुद्धाचे डोळे ७५२ मध्ये उघडले ते बोधिसेन या भारतातून आलेल्या भिक्षूने. त्याच्या कुंचल्याला बांधलेली लांब दोरी जमलेल्या लोकांनी हातात धरली होती, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना लाभावं. त्याच आवारातला दक्षिण महाद्वार आणि उंकेई-काइकेई या शिल्पकारांच्या चमूने १२०३ मध्ये घडवलेले आठ मीटरहून उंच द्वारपाल मात्र फुकट बघता येतात. वर टेकडीवरच्या निगात्सुदोच्या सज्जातून संध्याकाळी सगळं नारा दिसतं, तेही फुकट.

दुसरं तिकीट क्योतोच्या सानजुसानगेनदोचं, ६०० येन. लांबलचक दालनात कान्नोन या बोधिसत्त्वाच्या १,००१ मूर्ती आणि त्यांच्यापुढे अठ्ठावीस रक्षक देवता. त्यांत ब्रह्मा, इंद्र आणि बासरी वाजवणारा गरुड भेटतो. तिसरं कामाकुराच्या महाबुद्धाचं, ३०० येन, आणि वर ५० येन दिले की मूर्तीच्या पोटात शिरून ओतकामाचे जोड आतून बघता येतात. कामाकुरातच झेनिआराई बेंतेन या मोफत देवस्थानात लोक गुहेतल्या झऱ्यात नाणी आणि नोटा धुतात. तिथली बेंतेन म्हणजे मूळची आपली सरस्वती. क्योतोतल्या, मॉससाठी प्रसिद्ध असलेल्या साइहोजीचे आगाऊ आरक्षणासह ४,००० येन, हे बेतात फिरणाऱ्याने खुशाल सोडावेत.

आणि गणपती? तोक्योत असाकुसाच्या सेनसोजीपासून (तेही मोफत) थोडं चाललं की मात्सुचियामा शोदेन लागतं. इथला कांगितेन म्हणजे आपला गणेश. मूर्ती गुप्त, कुणाला दिसत नाही. त्याला वाहतात पांढरे मुळे. वाहून झालेले मुळे मंदिर प्रसाद म्हणून येणाऱ्यांना देऊन टाकतं.

वेळ, वाहन आणि पोट

बौद्ध मंदिरं साडेचार-पाचला बंद होतात, शिंतो देवस्थानं बहुधा उशिरापर्यंत उघडी असतात. म्हणून तिकिटांची ठिकाणं दिवसा, मोफत ठिकाणं पहाटे आणि संध्याकाळी. कियोमिझू (५०० येन) सकाळी सहाला उघडतं, तेव्हाच गाठावं. क्योतोत बसचं भाडं २३० येन, बस आणि भुयारी रेल्वेचा दिवसाचा पास १,१०० येन. दिवसात पाचहून कमी फेऱ्या असतील, तर पास घेऊ नका. मंदिरातला मुक्काम स्वस्त असतो, ही समजूत सोडून द्या. कोयासानच्या मठातली एक रात्र दोन जेवणांसह चांगल्या हॉटेलाइतकी पडते. तिथली ओकुनोइनची दोन किलोमीटरची उंच झाडांतली दफनभूमी मात्र सर्वांना खुली आहे. शाकाहारींनी लक्षात ठेवावं की साध्या दिसणाऱ्या सुपात आणि भाजीतही दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो. मंदिराचं शुद्ध शाकाहारी जेवण महाग, त्यामुळे दुपारसाठी फळं आणि सोबत नेलेला खाऊ बरा.

आठवण म्हणून ३०० ते ५०० येनांत गोशुइन घ्या. पुजारी समोर बसून कुंचल्याने देवस्थानाचं नाव आणि तारीख लिहितो, लाल शिक्के मारतो. त्यासाठीची खास वही लागते, साध्या वहीत लिहून देत नाहीत. आधी दर्शन, मग वही, हा क्रम पाळावा. देवस्थानात दोनदा वाकून दोन टाळ्या आणि पुन्हा एकदा वाकायचं, बौद्ध मंदिरात टाळी वाजवायची नाही.

हिशेब असा मांडा: दिवसाला एक, फार तर दोन तिकिटं, बाकी सगळं मोफत. म्हणजे आठवड्याभराचा मंदिरखर्च साधारण ५,००० येनांत बसतो. त्यात होर्युजी घेतलंत, तर दोन हजार येन वाढवा. आणि जिथे तिकीट नाही तिथल्या दानपेटीत एखादं नाणं आठवणीने टाका. त्या जागा दुसऱ्यांच्या देणग्यांवर उभ्या आहेत, त्यात आपलाही वाटा असायला हरकत नाही.