गोठ्यासाठी जमीन : खानदेशातील एक हिशेब

पदवी मिळाली आणि नोकरी मिळाली नाही, म्हणजे आपल्याकडे एक सल्ला हमखास ऐकू येतो : "अर्धा एकर घे आणि चार म्हशी बांध." सल्ला वाईट नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत दुधाला गिऱ्हाईक आहे, बकऱ्यांना आठवडी बाजार आहे. परंतु सल्ला देणारा म्हशीच्या किमतीबद्दल जेवढे बोलतो तेवढे जमिनीबद्दल बोलत नाही. घरातली सारी शिल्लक मात्र त्या जमिनीतच अडकते. म्हणून गुरांसाठी लहानशी शेतजमीन घेणाऱ्याने काय पाहावे, याचा थोडा विचार येथे केला आहे.

पहिला प्रश्न जमिनीचा नसून घेणाऱ्याचा आहे. खानदेश जुन्या मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे येथे 1948 चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. जो शेतकरी किंवा शेतमजूर नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, असे त्याचे कलम 63 सांगते. यामागचा हेतू समजून घेण्यासारखा आहे. 1 एप्रिल 1957 या 'कृषक दिना'पासून कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक करण्यात आले. ती जमीन पुन्हा न कसणाऱ्यांच्या हाती जाऊ नये, हा या निर्बंधाचा उद्देश.

पण गुरे पाळू इच्छिणाऱ्याची अडचण याच कायद्याच्या व्याख्यांत आहे. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन आणि जनावरांची पैदास यांना तो शेतीला जोडून असलेला धंदा मानतो, प्रत्यक्ष शेती मानत नाही. उलट 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 'शेतावरील इमारती'त गुरांचा निवारा स्पष्टपणे मोजते. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे अर्थ असा निघतो की, शेतकऱ्याने आपल्या वावरात गोठा बांधला तर तो शेतीतच बसतो, पण केवळ गोठा आहे म्हणून कोणी शेतकरी ठरत नाही. मोठ्या शहरांच्या हद्दीत व लगतच्या पट्ट्यात तर खातेदारालाही गोठ्यासाठी परवानगी लागते. तेव्हा ज्याचे नाव घरच्या शेतावर लागले आहे त्याने 8-अ चा खातेउतारा आधी काढून ठेवावा. शेतमजुरी करणाऱ्याने तसा दाखला मिळवावा. बाकीच्यांनी परवानगी हातात आल्याशिवाय इसाराची रक्कम देऊ नये, कारण परवानगीवाचून झालेला व्यवहार कलम 84-क खाली अवैध ठरू शकतो.

दुसरा प्रश्न किती जमीन घ्यावी, हा. येथे तुकडेबंदीचा 1947 चा कायदा आडवा येतो. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने आपल्या दोन्ही जिल्ह्यांसह राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरले. रानातल्या मोठ्या गटातून पाच गुंठे 'तोडून देतो' असे कोणी म्हणाला, तर खरेदीपूर्वी येथेच थांबावे. अशा तुकड्याची सातबारावर वेगळी नोंद होणे कठीण असते.

आता चार म्हशींचा हिशेब मांडून पाहू. एका म्हशीला सुमारे 40 चौरस फूट छपराखाली व 80 चौरस फूट मोकळी जागा लागते. चौघींना मिळून 480 चौरस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी, कारण एक गुंठा 1089 चौरस फुटांचा असतो. चाऱ्याचे मात्र वेगळे आहे. एका म्हशीला दिवसाला 20 ते 25 किलो हिरवा आणि सुमारे 6 किलो सुका चारा धरला, तर चार म्हशींना वर्षाला 29 ते 36 टन हिरवा आणि जवळजवळ 9 टन सुका चारा लागेल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'फुले यशवंत' किंवा 'फुले जयवंत' यांसारखे संकरित गवत बारमाही पाणी असेल तर एकरी 60 ते 80 टनांपर्यंत जाते. म्हणजे अर्धा एकर पूर्ण गवताखाली ठेवला, तर हिरव्याची गरज कशीबशी भागेल. दादरचा कडबा आणि सरकीची पेंड विकतच घ्यावी लागेल. थोडक्यात, गोठ्याला अर्धा गुंठा पुरतो, पण चाऱ्याला अर्धा एकरही ओढूनताणूनच पुरतो, आणि तोही पाणी असेल तरच.

म्हणून तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा. विहीर श्रावणात पाहू नये, ती वैशाखात पाहावी. उन्हाळ्यात एका म्हशीला पिण्यासच 70 लिटरच्या आसपास पाणी लागते. धुणे आणि गवताचे भिजवणे निराळेच. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात उपसा इतका झाला आहे की विहिरी आणि कूपनलिका वर्षानुवर्षे खोल जात आहेत. धुळे जिल्ह्यात काळ्या पाषाणात उभ्या भिंतींसारखे दगडाचे पट्टे जमिनीखालून गेलेले आहेत. अशा पट्ट्याच्या एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या बाजूची कोरडी, असे घडू शकते. शेजाऱ्याच्या विहिरीवरून आपल्या पाण्याचा अंदाज बांधू नये, तो याचसाठी.

जमिनीच्या पोताबद्दलही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काळी कसदार जमीन कपाशीला उत्तम, पण गोठ्याला वाईट. पावसाळ्यात तिचा चिखल होतो, जनावरांचे खूर कुजतात आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडून भिंती तडकतात. गोठा मुरमाड, उंचवट्याच्या जागी असावा आणि चारा काळ्या मातीत. ज्या अर्ध्या एकरात दोन्ही आहेत तो सर्वांत चांगला. तिथपर्यंत बारमाही गाडीवाट आहे का, हेही चालत जाऊन पाहावे. ती वाट नकाशावर किंवा दस्तात नसेल, तर शेजारी एके दिवशी बांध बंद करील आणि दुधाचे कॅन डोक्यावरून न्यावे लागतील.

चौथा प्रश्न कागदांचा. सातबाऱ्यात क्षेत्राआधी भोगवटादाराचा वर्ग वाचावा. 'वर्ग 2' असेल तर विक्रीवर बंधने असतात. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील वाटा यांपैकी काय आहे ते पाहावे. जुने फेरफार काढून मालकी कशी आली ते तपासावे. खानदेशात आखाजीला बहिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पण खरेदीखताच्या वेळी त्याच बहिणींची आठवण कोणाला होत नाही. वारसाने आलेल्या जमिनीत बहिणींचा हिस्सा असतो. त्यांची सही किंवा नोंदलेले हक्कसोडपत्र नसेल, तर खरेदी पुढे कोर्टात जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि पश्चिमेला साक्री या तालुक्यांत जमीन आदिवासी खातेदाराची आहे का, हे अवश्य पाहावे. बिगर-आदिवासीला ती शासनाच्या पूर्वमान्यतेवाचून घेता येत नाही, आणि ते न्याय्यच आहे. गायरान 'मिळवून देतो' म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावे, कारण ती जमीन साऱ्या गावाच्या गुरांची असते.

ज्याला हे सारे झेपत नाही त्याने निराश होण्याचे कारण नाही. साक्रीकडील ठेलारी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या कळप घेऊन फिरतात. पीक निघालेल्या वावरात त्यांच्या मेंढ्या बसतात, शेतकऱ्याला खत मिळते आणि मेंढ्यांना चरण. त्यांनी जमीन विकत घेतली नाही, जमिनीशी व्यवहार केला. आजही भाडेपट्ट्याच्या जागेवर बकऱ्या पाळता येतात. 2021 मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानातही भाड्याची जमीन चालते. मात्र मालकाला कूळ लागण्याची धास्ती असते, म्हणून करार लेखी, मुदतीचा आणि नोंदणी केलेला असावा.

तात्पर्य एवढेच की, क्रम चुकवू नये. आधी आपला हक्क, मग वैशाखातले पाणी, मग वाट आणि माती, मग कागद, आणि म्हैस सर्वांत शेवटी. आपल्याकडे बहुधा म्हैस आधी येते. ती विकून टाकता येते. परवानगीवाचून, पाण्यावाचून किंवा वाटेवाचून घेतलेला अर्धा एकर मात्र सहजासहजी विकला जात नाही. आपल्यापैकी जे शेतकऱ्यांच्या घरातून आले आहेत त्यांनी या सुट्टीत घरचा सातबारा एकदा शेवटच्या रकान्यापर्यंत वाचावा. जे नाहीत, त्यांनी तो शेजाऱ्याला वाचून दाखवावा. शिकल्याचा एवढा उपयोग गावाला झाला तरी पुष्कळ आहे.