दुकानाची वही आणि घराची वही



व्यापारी कुटुंबात हिशेबाला मोठा मान असतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वह्यांची पूजा होते, गल्ल्यातील रोकड रोजमेळाशी जुळल्याखेरीज दुकानाचे शटर खाली ओढले जात नाही. मात्र त्याच कुटुंबात ‘गेल्या महिन्यात घरखर्च किती झाला?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा अंदाजाने येते. दुकानाचा हिशेब पैशापर्यंत आणि घराचा हिशेब ‘असेल पन्नास-साठ हजार’ असा!

या अंदाजाची किंमत किती असते, हे बँकेतील नोकरीत मला जवळून पाहावयास मिळाले. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी व्यापाऱ्यांचे ताळेबंद माझ्या टेबलावर येत. विक्री वाढलेली, नफाही वाढलेला, आणि तरीही मालकाचे भांडवल गतवर्षापेक्षा घटलेले, असा ताळेबंद दिसला की मी प्रथम उचलीची रक्कम पाहत असे. उत्तर बहुधा तेथेच मिळे. समजा, नफा ८ लाख आणि घरासाठी उचल ११ लाख. वरचे ३ लाख भांडवलातून गेले. ती पोकळी कॅश क्रेडिटने भरली आणि व्याजदर ११ टक्के धरला, तर वर्षाचे ३३ हजार रुपये व्याज झाले. घरासाठी वापरलेल्या कर्जावरील व्याज धंद्याचा खर्च म्हणून आयकरात मान्य होत नाही, हे आणखी वेगळे. पुढे हंगामात माल भरावयास पैसा अपुरा पडतो, रोखीवर मिळणारा बटाव हुकतो, पुरवठादाराचे देणे थकते. बाजार मंद आहे असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात गळती घराच्या अलिखित खर्चातून झालेली असते.

निवृत्तीनंतर काटकसर आणि घरगुती अर्थनियोजन या विषयांवरील पुस्तके मी आवडीने वाचत आलो. त्यांपैकी जी पुन्हा पुन्हा हाती घ्यावीशी वाटली आणि व्यापारी कुटुंबाच्या उपयोगाची वाटली, त्यांचा परिचय येथे करून देत आहे.

लिलावातील उपदेश

बेंजामिन फ्रँकलिन हे अमेरिकेचे मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ म्हणून आपणांस ठाऊक असतात. पण त्यांचा मूळ व्यवसाय मुद्रकाचा होता आणि वडील बोस्टनमध्ये मेणबत्त्या व साबण तयार करीत. फ्रँकलिन अनेक वर्षे एक पंचांगवजा वार्षिक छापत असत. त्याच्या १७५८ च्या अंकाची प्रस्तावना पुढे ‘द वे टू वेल्थ’ या नावाने प्रसिद्ध झाली. ती अवघ्या काही पानांची असून एका बैठकीत वाचून होते.

प्रसंग मोठा गमतीचा आहे. लिलाव सुरू होण्याची वाट पाहत लोक जमले आहेत आणि करांच्या ओझ्याबद्दल कुरकुर करीत आहेत. एक वृद्ध गृहस्थ त्यांना सांगतात, की सरकारचा कर आहेच, पण आळस, अभिमान आणि अविचार यांचा कर त्याहून भारी असून त्यात कोणताही अधिकारी सूट देऊ शकत नाही. लोक भाषण ऐकतात, मान डोलावतात आणि लिलाव सुरू होताच नको त्या वस्तूंवर तुटून पडतात! नव्या कोटाचे कापड घ्यावयास आलेला निवेदक तेवढा जुनाच कोट आणखी काही काळ वापरण्याचे ठरवून परत जातो. अडीच शतकांपूर्वीचा हा लिलाव आजच्या ‘सेल’हून वेगळा वाटत नाही.

फ्रँकलिन यांनी मृत्युपत्रानुसार बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १००० पौंड ठेवले. तरुण कारागिरांना ५ टक्के व्याजाने त्यातून कर्ज द्यावे आणि निधी २०० वर्षे चालवावा, अशी योजना होती. १७९० मध्ये ते निवर्तले. १९९० मध्ये बोस्टनचा निधी सुमारे ५० लाख डॉलर आणि फिलाडेल्फियाचा २० लाख डॉलरहून अधिक झालेला होता. प्रारंभ सारखा असूनही अखेर इतकी वेगळी! चक्रवाढ व्याजाचे सामर्थ्य आणि व्यवस्थापनाचे महत्त्व, दोन्ही एकाच उदाहरणात दिसतात.

जपानमधील गृहिणींची वही

हानी मोतोको या जपानच्या आद्य स्त्री-पत्रकारांपैकी एक. पतीसह त्या स्त्रियांसाठी मासिक चालवीत. १९०४ मध्ये त्यांनी गृहिणींसाठी घरखर्चाची छापील वही प्रसिद्ध केली. जपानीत तिला ‘काकेबो’ म्हणतात. आजही तेथे दरवर्षी अशा वह्या निघतात आणि या पद्धतीवर लिहिलेली पुस्तके जगभर वाचली जातात.

या वहीचे मर्म असे, की खर्च झाल्यावर तो टिपणे एवढ्यावर ती थांबत नाही. आरंभी बाबवार अंदाजपत्रक मांडावयाचे, मग रोजचा खर्च त्या त्या बाबीत लिहावयाचा आणि अखेरीस दोहोंचा मेळ घालावयाचा. कीर्द, खतावणी आणि तेरीज ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांना हे शिकवण्याची आवश्यकता नाही. ते उंबरठ्याच्या आत आणले पाहिजे, एवढेच. वही घरातील ज्या व्यक्तीच्या हातून खर्च होतो तिच्याच हाती असावी. आपल्याकडे सूनबाई अनेकदा वाणिज्य पदवीधर असतात. त्यांच्या ज्ञानाचा घरात याहून चांगला उपयोग कोणता?

भावांची वही

अमेरिकेतील मेन राज्यात राहणाऱ्या एमी डेसिझन यांनी १९९० ते १९९६ या काळात ‘द टाइटवॉड गॅझेट’ नावाचे छोटे मासिक पत्रक काढले. ‘टाइटवॉड’ म्हणजे चिक्कू. टोपणनाव त्यांनी स्वतःच हसतहसत धारण केले. त्या पत्रकांचे पुस्तकरूप संकलन उपलब्ध आहे. मुलाबाळांचा संसार आणि साधारण उत्पन्न असतानाही त्यांनी पैसा साठवून शेतघर घेतले, त्याची सारी रीत त्यात आहे.

त्यांची सर्वांत उपयुक्त कल्पना म्हणजे भावांची वही. घरात नेहमी लागणाऱ्या प्रत्येक वस्तूचे एक पान. त्यावर तारीख, दुकान, वजन आणि प्रतिकिलो भाव. काही महिन्यांत कोणती वस्तू केव्हा व कोठे स्वस्त मिळते ते कळते आणि ‘सवलत’ खरी की देखाव्याची हेही उमगते. घाऊक खरेदीत आपण हेच करतो. तूर कोणत्या महिन्यात उतरते हे आपणांस तोंडपाठ असते. परंतु घरच्या वाणसामानाच्या पुड्यावर १ किलोऐवजी ९०० ग्रॅम छापलेले असते, तिकडे लक्ष जात नाही.

काटकसर आणि कंजूषी यांतील सीमाही या वाचनातून स्पष्ट होते. आपल्या खर्चाचा भार दुसऱ्यावर टाकणे, नोकराचा पगार लांबवणे, पाहुण्याला उणे वाढणे ही कंजूषी. स्वतःच्या उपभोगातील अपव्यय टाळणे ही काटकसर.

दशांशाचा नियम

जॉर्ज क्लेसन हे डेन्व्हर येथील नकाशांचे प्रकाशक. १९२६ पासून त्यांनी प्राचीन बॅबिलॉनच्या पार्श्वभूमीवर काटकसरीच्या बोधकथा पुस्तिकांच्या रूपाने लिहिल्या. बँका आणि विमा कंपन्या त्या ग्राहकांना वाटत. त्यांचेच पुढे ‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन’ हे पुस्तक झाले. कथा कल्पित आहेत, नियम मात्र व्यवहारी: मिळकतीचा किमान दहावा भाग प्रथम बाजूला काढावा. कर्ज असल्यास सात भागांत संसार, दोन भागांत कर्जफेड आणि एक भाग शिल्लक.

नोकरदारास हे सोपे असते, कारण पगार ठरलेला. व्यापाऱ्याची मिळकत हंगामी, म्हणून नियमाला थोडी मुरड घालावी लागते. मागील तीन वर्षांचा करोत्तर नफा पाहून त्यातील सर्वांत कमी वर्ष आधार धरावे. समजा, तो नफा ९ लाख ६० हजार आहे. महिन्याची उचल ५५ हजार ठरवली, तर वर्षाचे ६ लाख ६० हजार घरात येतील. दशांश ९६ हजार दुकानाबाहेरील गुंतवणुकीत जावेत आणि उरलेले २ लाख ४ हजार भांडवलात राहावेत.

‘दुकानाबाहेर’ या शब्दावर मी मुद्दाम भर देतो. आपली प्रवृत्ती वाचलेला प्रत्येक रुपया पुन्हा मालात घालण्याची असते. मग कुटुंबाची सारी शिल्लक साठ्यात आणि उधारीत अडकते. धंदा अडचणीत आला की घराचा आधारही त्याच वेळी जातो.

रुपयाची खरी किंमत

हेन्री डेव्हिड थोरो यांचे ‘वॉल्डन’ (१८५४) साहित्य म्हणून विख्यात आहे. मला त्यातील हिशेब आवडतो. तळ्याकाठी स्वतःच्या हाताने बांधलेल्या लहानशा घराचा खर्च त्यांनी फळ्या, खिळे, १००० जुन्या विटा असा बाबवार दिला आहे. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट! वस्तूची किंमत म्हणजे तिच्यासाठी खर्ची पडलेले आयुष्य, हा त्यांचा विचार. विकी रॉबिन आणि जो डोमिन्ग्वेझ यांनी १९९२ च्या ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ या पुस्तकात त्याच धर्तीचा विचार पद्धतशीरपणे मांडला: नोकरीपायी होणारा खर्च आणि जाणारा वेळ धरून तासाची खरी कमाई काढा आणि प्रत्येक खरेदी किती तासांची ते पाहा.

व्यापाऱ्यासाठी हे गणित असे मांडता येईल. निव्वळ नफा विक्रीच्या ५ टक्के असेल, तर घरात खर्च झालेले १००० रुपये मिळवण्यासाठी २० हजारांची विक्री करावी लागते. नफा ४ टक्के असेल, तर २५ हजारांची. मुलाने ४० हजारांचा मोबाइल मागितला, तर ५ टक्क्यांनी ती ८ लाखांची विक्री झाली. मोबाइल घेऊ नये असे मी म्हणत नाही. हा आकडा मुलासमोर बसून एकदा मांडावा. निर्णय तो स्वतःच अधिक विचारपूर्वक घेईल.

शेजारचा लक्षाधीश

थॉमस स्टॅन्ली आणि विल्यम डॅन्को या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील धनिकांची पाहणी करून १९९६ मध्ये ‘द मिलिअनेअर नेक्स्ट डोअर’ लिहिले. खरे संपन्न लोक पुष्कळदा साध्या वस्तीत राहतात, साधी मोटार वापरतात आणि त्यांतील अनेकजण छोटे व्यावसायिक असतात, असे त्यांना आढळले. आपण कोठे आहोत हे पाहण्यासाठी त्यांनी ढोबळ सूत्र दिले: वय गुणिले वार्षिक उत्पन्न, भागिले दहा, त्यातून वारशाने आलेली मालमत्ता वजा करावी. ५० वर्षे वय आणि १२ लाख उत्पन्न असल्यास ६० लाख येतात. वारसा वजा करण्याची अट आपणांस विशेष लागू पडते. आजोबांनी घेतलेली बाजारपेठेतील जागा आपल्या कर्तृत्वात मोजली जाऊ नये.

या ग्रंथातील सर्वांत झोंबणारे प्रकरण मुलांविषयी आहे. कर्त्या मुलांना आईवडील वारंवार पैसे पुरवत राहिले, तर ती मुले तशी मदत न मिळणाऱ्यांपेक्षा बहुधा कमी साठवतात. एकत्र कुटुंबात गल्ल्यातून प्रत्येकजण लागेल तसे घेतो, तेथे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. दुकानात काम करणाऱ्या मुलाला आणि सुनेला ठरावीक वेतन द्यावे. ते त्यांनी स्वतः राखावे, स्वतः वाचवावे. भावाभावांतील कित्येक वाटण्यांमधील कटुता ‘कोणी किती उचलले’ या एकाच प्रश्नातून जन्मते. लिहिलेला आकडा नात्यालाही जपतो.

वाचताना ठेवावयाचे भान

यातील बहुतेक पुस्तके पाश्चात्त्य समाजासाठी लिहिलेली आहेत. तेथे एकत्र कुटुंब नाही, लग्नकार्यात सारा गाव जेवत नाही, बहिणीच्या माहेरपणाचा आणि भाच्यांच्या आहेराचा रकाना नाही. आपल्याकडे हे खर्च नात्याचा भाग आहेत. ते पुस्तक पाहून तोडावयाचे नसतात, त्यांची आगाऊ तरतूद करावयाची असते. तीन वर्षांनी होणाऱ्या लग्नासाठी आजपासून दरमहा आवर्ती ठेव सुरू झाली, तर त्या वेळी दुकानाच्या कॅश क्रेडिटला हात लागत नाही.

आरंभ कोठून करावा, असे विचाराल तर तरुणांनी क्लेसन वाचावा, गृहिणींनी डेसिझन, आणि कर्त्या पुरुषांनी स्टॅन्ली व डॅन्को. त्याबरोबर येत्या पहिल्या तारखेपासून तीन गोष्टी कराव्यात. घराचे बँक खाते दुकानाच्या खात्यापासून वेगळे करावे. ठरलेली उचल महिन्यातून एकदाच त्या खात्यात वळती करावी आणि गल्ल्यातून घरासाठी नोट काढणे बंद करावे. घराच्या वहीच्या पहिल्या पानावर सर्व खाती, ठेवी, विमा, कर्जे आणि त्यांवरील नामनिर्देशन लिहून ते पान पत्नीस व मोठ्या मुलास दाखवावे.

तीन महिने वही लिहिल्यावर चौथ्या महिन्यात सर्वांनी एकत्र बसून ती वाचावी. ज्या घरात असे वाचन होते, तेथे ताळेबंदातील उचलीच्या रकान्याची भीती बाळगण्याचे कारण राहत नाही.